तिथं कोण राहतं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले होते, तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल नीट विचारलं. तोवर 'पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं त्यांना पुरत होतं. मी सांगितलं, की समुद्राखाली एकट्यानं जाणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिते. आत माणूस नसतो. यंत्र खाली जातं, मोजमाप करतं, फोटो काढतं, वर येतं. पुढे कधीतरी अशाच मोठ्या यंत्रांनी समुद्राच्या तळावरून धातू वर आणायचे आहेत. बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "अन् तिथं राह्यते कोन?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग सोपं हाय," असं म्हणून ते ढोरांना पाणी दाखवायला उठून गेले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात आहे. अरबी समुद्र घ्या की बंगालचा उपसागर, जवळपास पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी. पण 'तिथं कोण राहतं' हा प्रश्न आमच्याकडे भाबडा समजला जात नाही. वणीच्या आसपास कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. खाण येणार अशी कुणकुण लागली, की सगळ्यात आधी हाच प्रश्न निघतो. कोण राहतं, कुणाच्या नावावर आहे, भाव काय मिळणार, नोकरी कुणाला लागणार. बाबांचं 'सोपं हाय' हे त्या अनुभवातून आलं होतं. माणसं नसतील तर खाण काढणं सोपं. एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो बरोबरही होता.

तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी ज्या यंत्रावर काम करते त्याचं वर्णनच 'मानवरहित' असं करतात. हा शब्द मी रोज वापरत होते, पण तो नेमकं काय सांगतो याचा विचार मी केला नव्हता.

आधी यंत्राबद्दल थोडं सांगते. पाण्याखाली रेडिओलहरी काही अंतरात विरून जातात, त्यामुळे जीपीएस चालत नाही आणि वरून रिमोटही चालत नाही. आवाज तेवढा चालतो. पण आवाज पाण्यात सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, म्हणजे ६००० मीटरवर असलेल्या यानाला काही विचारलं तर उत्तर यायला आठ सेकंद लागतात, आणि त्या वाटेनं माहितीही अगदी थेंबाथेंबानं येते. दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. ६००० मीटरवर तो सहाशे पट होतो, म्हणजे नखाएवढ्या जागेवर सहाशे किलोचं ओझं. अशा ठिकाणी दोन प्रकारची यंत्रं जातात. एक केबलनं जहाजाला बांधलेली, जिला वरून माणूस चालवतो. दुसरी पूर्ण मोकळी. तिला जे काही सांगायचं ते पाण्यात सोडण्यापूर्वीच सांगून ठेवावं लागतं. मी दुसऱ्या प्रकारावर काम करते.

भारतात हे काम नवं नाही. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं वीसेक वर्षांपूर्वी 'माया' नावाचं स्वयंचलित यान बनवलं. ते २०० मीटरपर्यंत जायचं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं केबलवालं 'रोसब ६०००' २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५२८९ मीटरवर जाऊन आलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्याच संस्थेचं 'ओमे ६०००' हे मोकळं यान ५२७१ मीटरवर उतरलं. आमच्या छोट्या कंपनीचं यान या पंगतीत बसत नाही. ते ३०० मीटरपर्यंतचं आहे, आणि खोल समुद्राच्या हिशेबात ३०० मीटर म्हणजे उंबरठाही नव्हे. पण सॉफ्टवेअरचे प्रश्न तेच असतात, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो: काम सोडून वर कधी यायचं?

याची एक यादी असते. बॅटरी अमुक टक्क्यांखाली गेली, आत पाणी शिरल्याचा इशारा आला, ठरल्यापेक्षा खोल गेलो, तळाच्या फार जवळ आलो, एखादा पंखा अडकला, ठरलेला वेळ संपला, तर मोहीम रद्द कर, पोटाखालचं वजन सोडून दे आणि वर ये. आमच्या यादीत चौदा ओळी होत्या. पाण्याबाहेर, चहा पीत, खुर्चीवर बसून लिहिलेल्या या चौदा ओळी म्हणजे त्या यंत्राची सगळी सारासार बुद्धी. खाली गेल्यावर त्याला पंधरावी गोष्ट सुचत नाही.

ही यादी मी लिहिली होती आणि तिच्यात एक चूक होती.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून भाड्याच्या बोटीनं आम्ही चाचणीला गेलो होतो. टाकीत चाचणी झाली होती, एका धरणाच्या पाण्यात झाली होती, आता समुद्र. खोली फक्त २८ मीटर. यान सोडलं. नव्वद मिनिटांनी काहीही झालं असतं तरी त्यानं वर यायलाच हवं होतं, कारण यादीतली शेवटची ओळ तीच होती. नव्वद मिनिटं झाली. शंभर झाली. बोटीवर बोलणं बंद झालं. दोन तास झाल्यावर आमचे टीमप्रमुख माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "गेलं तर गेलं. यंत्र आहे. आत कुणी नाही ना."

दोन तास चाळीस मिनिटांनी यान वर आलं, चिखलानं माखलेलं. कारण नंतर कळलं. त्या भागात तळाचा चिखल इतका मऊ आहे, की उंची मोजायला सोडलेला आवाज वरच्या चिखलातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावरून परत येत होता. यानाला वाटलं आपण अजून वर आहोत, आणि ते नाक खुपसून चिखलात बसलं. बाहेर पडण्यासाठी पंखे जोरात फिरवत राहिलं. सत्तराव्या मिनिटाला मुख्य प्रोग्राम कोलमडला. तो पुन्हा सुरू करणारी पहारेकरी यंत्रणा असते, तिनं आपलं काम चोख केलं. पण वेळ मोजणारं माझं घड्याळ प्रोग्रामसोबत पुन्हा शून्यापासून सुरू झालं. खाली अडकलेल्या यानाला वाटलं मोहीम आत्ताच सुरू झाली आहे. त्यानं पुढची नव्वद मिनिटं शांतपणे मोजली, मग वजन सोडलं.

इंजिनिअरला ही चूक नवी नाही. मला लाज वाटली ती वाटलीच. पण 'आत कुणी नाही ना' या वाक्यानं मला जो दिलासा मिळाला, तो मी विसरलेले नाही. तो खरा दिलासा होता, आणि त्याची चेष्टा करायचा मला हक्क नाही.

कारण अशी यंत्रं हरवतात. जपानचं 'कैको' १९९५ साली मारियाना गर्तेच्या तळाला जाऊन आलं होतं. २००३ साली केबल तुटून ते गेलं. ब्रिटनचं 'ऑटोसब-२' २००५ साली अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शिरलं आणि तिथंच राहिलं. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचं 'एबीई' २०१० साली चिलीजवळ आपल्या २२२व्या बुडीत हरवलं. त्याच संस्थेचं 'नेरियस' २०१४ साली ९९०० मीटरवर दाबानं फुटलं. यातल्या एकाही अपघातात कुणी मेलं नाही. शास्त्रज्ञ हळहळले, आणि पुढचं यान बनवायला लागले. याउलट जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेलं 'टायटन' फुटलं, तेव्हा आत पाच माणसं होती. आपल्याकडे तीन माणसांसाठी 'मत्स्य ६०००' बनतं आहे. त्याचा टायटॅनियमचा गोल आतून २.१ मीटर व्यासाचा आहे, आणि त्यात नेहमीच्या बारा तासांवर संकटकाळी शहाण्णव तास तग धरण्याची सोय करायची आहे. एका माणसाला खाली न्यायचं म्हणजे किती गोष्टी हव्यात, हे त्या आकड्यांत दिसतं.

धोक्याच्या जागी माणसाचं शरीर न पाठवणं ही तंत्रज्ञानानं केलेली सगळ्यात सरळ नैतिक प्रगती आहे असं मला वाटतं, आणि यवतमाळच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस त्या पिकातून चालत होता. आमच्या शेजारचे एक काका त्यातून वाचले, पण कितीतरी दिवस त्यांना धुरकट दिसायचं. आज शिवारावर फवारणीचं ड्रोन उडताना दिसतं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवतं. तिथं माणूस नाही, हे चांगलं आहे.

इथपर्यंत माझा विचार सरळ होता. पुढे तो अडला, आणि तोही त्या ड्रोनपाशीच.

पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस विषाचा पहिला बळी होता, हे खरं. पण त्या विषाचा पहिला साक्षीदारही तोच होता. डोळे चुरचुरले, उलटी झाली, तो पडला, म्हणून जिल्ह्याला कळलं की फवारतोय त्यात काहीतरी भयंकर आहे. तो थांबू शकत होता. 'आज नाही फवारत' म्हणू शकत होता. मजुरी बुडेल म्हणून म्हणत नव्हता, पण म्हणू शकत होता. ड्रोनला चुरचुरत नाही. माणूस काढून घेतला की धोका निघून गेला असं आपण म्हणतो. खरं तर धोका माणसाला होणं थांबलं. जमिनीला, पाण्याला, बांधावरच्या मधमाशीला जे होत होतं ते तसंच राहिलं, फक्त आता ते कुणाच्या अंगावर येत नाही.

माणसाच्या शरीराला आपण ओझं समजतो. त्याला हवा लागते, ते घाबरतं, थकतं. पण हे घाबरणं म्हणजे एक ब्रेकही असतो. म्हणून माणूस परत पाठवा असं मी म्हणणार नाही. ते क्रूर होईल. पण माणूस काढून घेताना त्याच्यासोबत जो ब्रेक गेला, त्याच्या जागी आपण काय बसवलं, हे विचारायला हवं. माझ्या बाबतीत उत्तर समोरच होतं: त्या चौदा ओळी. मी ती यादी पुन्हा वाचली. चौदाच्या चौदा ओळी यानाला वाचवण्यासाठी होत्या. ते जिथं उतरतं त्या जागेला वाचवण्यासाठी एकही नव्हती. मला तशी ओळ लिहायला कुणी मनाई केली नव्हती. मलाच ती सुचली नव्हती.

समुद्रतळावरचे धातू ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजानं अरबी समुद्राच्या तळावरून मँगनीजचे पहिले गोटे वर आणले. बटाट्याएवढे काळे गोटे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. १९८७ साली भारताला या क्षेत्रातला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळाली, आणि २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. आज मध्य हिंदी महासागरातल्या ७५,००० चौरस किलोमीटर भागात शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे साडेपाच यवतमाळ, पाच किलोमीटर पाण्याखाली. तिथं ३८ कोटी टन गोटे असावेत असा सरकारी अंदाज आहे. ते गोळा करण्यासाठी चेन्नईत जे रणगाड्यासारखं यंत्र बनलं त्याचं नाव 'वराह'. २०२१ साली ते ५२७० मीटरवर तळावर चालून आलं. नाव ठेवणाऱ्याला पुराण नक्कीच ठाऊक असणार. फक्त त्या वराहानं बुडालेली पृथ्वी वाचवण्यासाठी वर आणली होती, एवढा फरक आहे.

हे गोटे वाढतात, पण दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतके. चिखलाच्या त्या अफाट मैदानात टणक म्हणावं असं दुसरं काही नसतं, म्हणून तिथल्या कितीतरी जिवांचं घर म्हणजे तो गोटाच असतो. स्पंज त्याला धरून उभे राहतात. पेरूजवळच्या समुद्रात चार किलोमीटर खोलीवर एका फिकट, भुतासारख्या ऑक्टोपसच्या माद्या गोट्यावर वाढलेल्या मेलेल्या स्पंजच्या दांड्याला अंडी चिकटवून राखण करत बसलेल्या आढळल्या. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. गोटा उचलला की स्पंज गेला, दांडा गेला, अंडी घालायची जागा गेली. त्याच भागात १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता, काय होतं ते बघायला. २०१५ मध्ये, सव्वीस वर्षांनी ते परत गेले. नांगराचे चरे कालच ओढल्यासारखे शिल्लक होते, आणि चिकटून राहणारे जीव त्या पट्ट्यात परतले नव्हते. भारतानंही १९९७ साली आपल्या क्षेत्रात तळ ढवळण्याचा असा प्रयोग केला आणि नंतर काही वर्षं त्या जागेची पाहणी केली. म्हणजे कुणी विचारच केला नाही असं नाही. विचारणारे होते, आहेत.

मग अडचण कुठे आहे? एक गंभीर आक्षेप आधी घ्यायला हवा, कारण तो मला स्वतःला पटतो. निकेल आणि कोबाल्ट कुठून तरी येणारच. इंडोनेशियात निकेलसाठी जंगल तुटतं. काँगोत कोबाल्टच्या खाणींत लहान मुलं राबतात. आमच्याकडे कोळशासाठी गावं उठली, स्फोटांनी भिंतींना तडे गेले, धुळीनं पांढरा कापूस काळा पडला. हे सगळं माणसांना सोसावं लागतं. त्यापेक्षा जिथं कुणीच राहत नाही अशा ठिकाणी खणलेलं काय वाईट? स्पंज आणि माझी आजी यांत निवड करायला सांगितली तर मी आजीला निवडीन, आणि यात मला क्षणाचाही संकोच वाटणार नाही.

पण अशी निवड करायला मला कुणी सांगितलेलं नाही. समुद्रतळावर खाण सुरू झाली म्हणून जमिनीवरची अमुक खाण बंद होईल, असं लिहून दिलेला करार मी पाहिलेला नाही. आमच्याकडे एक खाण सुरू झाली म्हणून दुसरी थांबली नाही, दोन्ही चालल्या. शिवाय गरजच बदलते. आज कितीतरी गाड्यांमध्ये ज्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या बसतात, त्यांत निकेलही नसतं आणि कोबाल्टही नसतं. 'याऐवजी ते' म्हणून सांगितलेली गोष्ट 'याशिवाय तेही' अशी निघाली, तर तुलनेतला सगळा नैतिक जोर निघून जातो. आणि समजा, खरंच 'याऐवजी ते' असलं, तरी कमी नुकसान म्हणजे शून्य नुकसान नव्हे. किती कमी, हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त तात्त्विक आहे. जिथं दुःख भोगणारं कुणी नाही तिथं अन्याय कसा होईल? समुद्रकाकडीला वेदना होतात का? स्पंजला तर मज्जासंस्थाच नाही. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ऑक्टोपसला वेदना होतात हे आता बहुतेक सगळे मानतात, पण स्पंजची बाजू मी वेदनेच्या आधारावर लढवू शकत नाही. माझ्याकडे आहे तो फक्त गावातला एक अनुभव.

विदर्भात 'ई-क्लास' जमीन असते. गावाच्या चराईची, कुणाच्याच नावावर नसलेली. आमच्या शिवारातही होती. खाणीसाठी मोजणी झाली तेव्हा शेतांचे भाव ठरले, भांडणं झाली, मोर्चे निघाले, काहींना बरे पैसे मिळाले. ई-क्लासवर भांडण झालं नाही. ती पहिल्यांदा गेली, बिनबोभाट. तिच्यावर गायकी गुरं चारायचा, कोलाम बाया डिंक, मोहफुलं आणि सरपण न्यायच्या. यांतल्या कुणाचंही नाव सातबाऱ्यावर नव्हतं. मोजणीदार वाईट माणूस नव्हता. आमच्या ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला होता. तो खरंच सांगत होता, की कागदावर इथं कुणी नाही. त्याच्या कागदात 'इथं कोण येतं-जातं' असा रकाना नव्हता, म्हणून त्याला कुणी दिसलं नाही.

'तिथं कुणीच राहत नाही' हे वाक्य बहुतेक वेळा जागेबद्दल नसतं, ते बोलणाऱ्याच्या कागदाबद्दल असतं. माझा मुद्दा एवढाच आहे. एखाद्या जिवाचं नैतिक वजन किती, हा वाद कितीही वर्षं चालू द्या. पण तो जीव मोजलाच नाही, तर वाद सुरूच होत नाही, आणि निकाल मात्र लागलेला असतो.

हे मला तत्त्वज्ञान वाचून सुचलं नाही. गेल्या वर्षी ऑफिसमध्ये सुचलं. यानाच्या कामाशिवाय आमच्याकडे फोटोंवरून गोट्यांची दाटी मोजणाऱ्या प्रोग्रामचं काम होतं. पॅसिफिकमधल्या जुन्या मोहिमांचे खुले फोटो घेऊन मी तो शिकवत होते: प्रत्येक फोटोत टक्केवारीनं किती तळ गोट्यांनी झाकला आहे ते सांग. काही फोटोंत उत्तर चुकायचं. पाहिलं तर मध्ये एखादी समुद्रकाकडी असायची, कोळंबीसारखं काही, स्पंजची सावली. मी एक गाळणी लिहिली. गोटा नाही ते सगळं 'गोंगाट' समजून पुसून टाकायचं. अचूकता वाढली. मी खूश झाले. चांगले दोन आठवडे मी खूश होते. मग एका रात्री तपासणीसाठी पुसलेल्या तुकड्यांची फाइल उघडली, आणि तिथल्या सगळ्या रहिवाशांची यादी माझ्यासमोर होती. पाच किलोमीटर खोल जाऊन, कोट्यवधी खर्चून, दिवे लावून काढलेल्या फोटोंतून मी नेमकं तेच वगळत होते. मोजणीदार मीच होते.

गंमत अशी, की यंत्र नसतं तर तिथं कुणी राहतं हे कळलंही नसतं. ते भुताटकीसारखे ऑक्टोपस मानवरहित यानांच्या कॅमेऱ्यातच दिसले. तेच यान साक्षीदार असतं आणि तेच यान मोजणीदार. त्यानं खाली काय व्हायचं, हे वर बसलेला माणूस ठरवतो. म्हणून 'मानवरहित' हा शब्द मला आता पुरता खरा वाटत नाही. माणूस त्यात असतोच. फक्त तो भिजत नाही.

मी प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवला: गोटा नसलेल्या प्रत्येक तुकड्याची जागा, आकार आणि चित्र वेगळं जपून ठेवायचं. नावं मला कळत नाहीत, ती जीवशास्त्रज्ञांनी द्यावीत. वरिष्ठ म्हणाले, की हे आपल्याकडे मागितलेलं नाही, अहवालात घालू नकोस. अहवालात घातलं नाही. फाइल मात्र अहवालासोबत जाते. कुणी उघडली का, मला माहीत नाही. ही काही लढाई नव्हे. नोकरी सोडावी असंही मला वाटलेलं नाही. मी सोडली तर गाळणी राहील आणि रकाना जाईल. हा युक्तिवाद नोकरी न सोडणाऱ्या प्रत्येकाला सोयीचा असतो, हेही मला कळतं.

या दिवाळीला बाबांना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, तिथं कोण राहतं. राहतात काही." आणि लॅपटॉपवर फोटो दाखवले. समुद्रकाकडी पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. ऑक्टोपसकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

मी सांगितलं. १९६७ साली माल्टाच्या अर्विद पार्दो या राजदूतानं संयुक्त राष्ट्रांत मांडलं, की देशांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा असावा. पुढे समुद्रविषयक कायद्यात ते आलंही. म्हणजे तो सगळ्यांचा आहे, तुमचाही.

बाबा हसले. "सगळ्यायचा म्हंजे ई-क्लास," ते म्हणाले.

मी पुढे काही बोलले नाही. त्या ई-क्लासवर आता मातीचा डोंगर आहे, त्याच्यावर वेडी बाभूळ माजली आहे. तिथं काय काय होतं हे सांगू शकणारी माणसं अजून गावात आहेत, पण ती म्हातारी झाली आहेत, आणि त्यांनी सांगितलेलं कुठंच लिहिलेलं नाही.

रत्नागिरीच्या त्या चाचणीचं चित्रण मी बऱ्याच उशिरा पाहिलं. घड्याळाची चूक सापडल्यावर बाकीचं पाहायची गरजच उरली नव्हती. पंखे फिरत होते तोवर नुसता राखाडी गढूळपणा. सत्तराव्या मिनिटाला प्रोग्राम पडला, पंखे थांबले, आणि हळूहळू पाणी निवळलं. मग एक बारका खेकडा आला. यानाच्या चौकटीवर चढला, कॅमेऱ्यासमोर थोडा थांबला, खाली उतरला आणि आमच्या नाकानं पडलेल्या खड्ड्याच्या कडेला चिखल उकरत बसला. माझ्या चुकीमुळे यान तिथं सत्तर मिनिटं जास्त थांबलं, आणि तेवढ्या वेळात त्यानं त्या मोहिमेतलं एकमेव कामाचं चित्रण केलं.

यादीत आता पंधरावी ओळ आहे. तळाला टेकल्याचं कळलं तर पंखे ताबडतोब बंद कर, वजन सोड आणि पंखे न फिरवता, नुसतं तरंगत वर ये. चिखल कमी उडतो. ही ओळ मंजूर करून घ्यायला अर्धा तास लागला. कारणाच्या रकान्यात मी 'पंख्यांचं चिखलापासून संरक्षण' असं लिहिलं, कारण त्याला कुणी हरकत घेत नाही. ते खोटं नाही. पण चिखलाचं पंख्यांपासून संरक्षण, हे मला तिथं लिहिता आलं नाही.